घाई कुठे, सबुरी कुठे

गृहनिर्माण संस्थेतून एखाद्या सभासदाला काढायचं असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 चं कलम 35 पदाधिकाऱ्यांची चांगलीच दमछाक करतं. त्यासाठी सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. हजर असलेल्या आणि मताचा हक्क असलेल्या सभासदांपैकी किमान तीन चतुर्थांश सभासद ठरावाच्या बाजूने असावे लागतात. ज्याला काढायचं त्याला सभेपुढे आपली बाजू मांडू द्यावी लागते, नाहीतर ठराव वैधच ठरत नाही. आणि एवढं सगळं पार पडलं तरी निबंधकाची मंजुरी येईपर्यंत ठराव कागदावरच राहतो. त्याच संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याच सभासदाला काढायला मात्र ॲडमिनचा अंगठा पुरतो.

रावेत, वाकड, मोशी, चऱ्होलीच्या कुठल्याही संकुलात हे नाटक वर्षातून दोन-तीनदा होतं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून महापालिका एक दिवसाआड पाणी देऊ लागली आणि टँकर हा सोसायटीच्या ग्रुपवरचा कायमचा विषय होऊन बसला. कुणीतरी विचारतं, या महिन्यात टँकर किती आले आणि पैसे किती गेले? सेक्रेटरींना यात संशयाचा वास येतो. बहुतेक ठिकाणी सेक्रेटरी हेच ॲडमिन असतात. पुढच्या पाच मिनिटांत सगळ्यांच्या फोनवर ओळ उमटते की अमुक यांनी तमुक यांना काढलं. खरं तर हाच सहकारी कायदा सभासदाला संस्थेचे हिशेब पाहण्याचा हक्क देतो. म्हणजे गृहस्थांनी मागितलं ते त्यांच्याच हक्काचं होतं, आणि ते मागितल्याबद्दल शिक्षा ठोठावली ती ज्यांनी हिशेब द्यायचा त्यांनीच.

हीच मंडळी दुसऱ्या एका प्रसंगी किती सावकाश असतात तेही बघण्यासारखं असतं. भाड्याने राहणाऱ्या मुलींबद्दल कुणी वेडंवाकडं लिहिलं, किंवा एखाद्याच्या जातीवरून, बोलीवरून टोमणा मारला, की ॲडमिनना एकदम लोकशाही आठवते. ‘मोठी माणसं आहेत, आपसांत बघून घ्या’, ‘ग्रुपवर सगळ्यांना बोलायचा अधिकार आहे’, अशी वाक्यं तेव्हा सुचतात. स्वतःला लागलं की घाई आणि दुसऱ्याला लागलं की सबुरी, असा हा उलटा कारभार आहे. ॲडमिनने सभासदांशी कसं वागावं याचं माझं उत्तर एवढंच आहे की या दोन गोष्टींची जागा बदला. स्वतःशी संबंध असेल तिथे थांबा. दुबळ्या सभासदाशी संबंध असेल तिथे धावा.

सबुरीचा धडा घ्यायला पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या माणसाला लांब जायला नको. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे टेल्को आणि बजाज आली, मग औद्योगिक वसाहत भोसरीपासून चाकणपर्यंत पसरत गेली. इथल्या दोन-तीन पिढ्यांना चार्जशीट, डोमेस्टिक एन्क्वायरी, सस्पेन्शन हे शब्द तोंडपाठ आहेत. त्यांच्या मुळाशी 1946 चा स्थायी आदेशांचा कायदा आहे. आता तो औद्योगिक संबंध संहितेत सामावला गेला असला, तरी त्याने घालून दिलेली रीत मोलाची आहे. त्याआधी फोरमनने ‘उद्यापासून येऊ नको’ म्हटलं की विषय संपायचा. या कायद्याने मालकाला सांगितलं की तुझे नियम आधी लिहून काढ, मंजूर करून घे आणि बहुसंख्य कामगार ज्या दारातून आत येतात त्या दारापाशी, त्यांना समजणाऱ्या भाषेत लाव.

पुढची रीतही अशीच बारकाईची. गैरवर्तनाचा आरोप असेल तर तो नेमका काय, हे लेखी कळवायचं. कामगाराला खुलासा करू द्यायचा. त्याच्या बाजूने त्याच्याच खात्यातला सहकारी किंवा युनियनचा पदाधिकारी उभा राहू शकतो. चौकशी चालू असताना निलंबित केलं, तर पहिले 90 दिवस निम्मा पगार आणि नंतर पाऊण पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यायचा, कारण आरोप सिद्ध होईपर्यंत त्याच्या घरची चूल बंद पाडण्याचा हक्क कुणाला नाही. शिक्षा देताना गुन्हा किती गंभीर, माणसाचा आधीचा इतिहास काय, परिस्थिती काय होती, हे तोलायचं. आणि 1971 च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात कलम 11-अ आल्यापासून, बडतर्फीची शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जास्त वाटली तर कामगार न्यायालयाला ती कमी करता येऊ लागली.

हे सगळं मालकांनी हौसेने दिलेलं नाही. त्यासाठी संप झाले, गेटसभा झाल्या. 1989 मध्ये टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले. गंमत अशी की ज्यांनी आयुष्यभर ‘आधी चार्जशीट दाखवा’ म्हणून साहेबांशी भांडण केलं, तेच निवृत्तीनंतर सोसायटीचे चेअरमन झाले की खुलासा न मागता माणूस काढतात. दिवसपाळीत न्यायाची मागणी करणारा गृहस्थ संध्याकाळी फोन हातात घेऊन फोरमन होतो.

काढून टाकण्याची शिक्षा सगळ्यांना सारखी लागत नाही, हेही स्थायी आदेशांच्या त्या तराजूत बसतं. फ्लॅटमालकाला ग्रुपमधून काढलं तर त्याचा मान दुखावतो. पाणी कधी येणार ते तो वॉचमनला विचारू शकतो. चाकण, म्हाळुंगे, खराबवाडीत खोली घेऊन राहणाऱ्या कंत्राटी पोराचं तसं नसतं. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-ओडिशातून आलेल्या या पोरांना कुठल्या कंपनीत हेल्परची भरती आहे, पाळी किती तासांची, बस कुठून सुटते, हे कळतं ते कामाच्या ग्रुपवरून. तिथला ॲडमिन बऱ्याचदा ठेकेदाराचा माणूस असतो. ‘कामाला लावायचे पैसे कशाचे घेता?’ एवढं विचारणारा ग्रुपबाहेर गेला, तर त्याच्या हातून पुढच्या महिन्याची मजुरी जाऊ शकते, आणि त्याला निर्वाह भत्ता कोण देणार? ज्याच्या बोटाखाली दुसऱ्याची रोजी आहे, त्या ॲडमिनने तर दहादा विचार करावा. नियमांच्या भाषेचा मुद्दाही इथेच येतो. ग्रुपची भाषा मराठी असायला काहीच हरकत नाही. पण ज्या नियमाखाली एखाद्याला बाहेर काढणार, तो त्याला कळेल अशा भाषेत आधी सांगितलेला असायला हवा. कारखान्याच्या दारावर जी अपेक्षा आपण मालकाकडून केली, तीच ही.

आता घाईकडे वळू. 2016 साली गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर एका सभासदाने एका महिला सभासदाबद्दल घाणेरड्या भाषेत लिहिलं. ॲडमिनने त्याला काढलं नाही की माफी मागायला लावली नाही. महिलेने पोलिसांत तक्रार केली आणि लिहिणाऱ्याबरोबर ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1 मार्च 2021 रोजी ॲडमिनवरची कारवाई रद्द केली. मजकूर ग्रुपवर येण्याआधी तो तपासण्याचं किंवा रोखण्याचं साधन ॲडमिनकडे नसतं, दोघांचा समान उद्देश दिसत नसेल तर दुसऱ्याच्या लिखाणाचा गुन्हा त्याच्या माथी मारता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. पुढच्या वर्षी केरळ उच्च न्यायालयानेही हीच दिशा धरली.

निकाल योग्यच आहे. प्रत्येक ॲडमिनच्या डोक्यावर पोलीस ठाणं टांगून ठेवलं, तर कुणी ग्रुप चालवणार नाही, किंवा जो चालवेल तो भीतीपोटी सगळ्यांची तोंडं बंद करेल. ‘माझ्यावर केस होईल’ या सबबीखाली हिशेब विचारणाऱ्याला काढणाऱ्यांची सबबही या निकालाने काढून घेतली. पण न्यायालयाने एवढंच सांगितलं की गप्प बसणं हा त्या ॲडमिनचा फौजदारी गुन्हा नव्हता. सगळ्या ग्रुपसमोर एका बाईचा अपमान झाला आणि ज्याच्या हातात अधिकार होता तो गप्प राहिला, ही गोष्ट तशीच उरते. कायद्याचं काम जिथे संपतं तिथून ॲडमिनच्या वागणुकीचा प्रश्न सुरू होतो. अशा वेळी पहिला शब्द ॲडमिनचा हवा, जिला लागलं तिचा नव्हे. तिने तक्रार करावी, पुरावे द्यावेत, मग बघू, ही सबुरी म्हणजे गुन्हेगाराला दिलेली सवलत.

2022 पासून व्हॉट्सॲपने ॲडमिनला कुणाचाही संदेश सगळ्यांसाठी पुसून टाकण्याची सोय दिली आहे. या सोयीने एक फार महत्त्वाची वाट मोकळी केली. संदेश आणि माणूस आता वेगळे करता येतात. विषारी संदेश क्षणात पुसावा. माणसाचा निवाडा मागाहून, शांतपणे करावा. अफवेच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली आहे या अफवेपायी जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे ते लोक मंगळवेढ्याकडून आले होते. अशा अफवा तेव्हा फोनाफोनांतून राज्यभर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच जागीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण कंपनी किती मर्यादा घालणार? चाकणसारख्या ठिकाणी, जिथे शेजारच्या खोलीतल्या माणसाचं गाव कुठलं हे माहीत नसतं, तिथे ‘परप्रांतीय टोळी फिरतेय’ असा संदेश दहा मिनिटं राहणंही धोक्याचं. तो पुसायला चौकशी समिती लागत नाही.

ॲडमिनच्या घाईची आणखी एक जागा पिंपरीनेच दाखवून दिली आहे. कंजारभाट समाजातल्या कौमार्य चाचणीच्या प्रथेविरुद्ध विवेक तमायचीकर आणि त्याच्यासारख्या तरुण-तरुणींनी ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप सुरू केला. जानेवारी 2018 मध्ये पिंपरीच्या भाटनगरात एका लग्नाला गेलेल्या, या मोहिमेतल्या तरुणांना मारहाण झाली आणि प्रकरण पोलिसांत गेलं. एका ग्रुपचं सभासद असणं हीच तिथे जोखीम होती. अशा ग्रुपच्या ॲडमिनचं काम शिस्त लावण्याचं उरत नाही. कुणाला आत घ्यायचं, कुणाचा नंबर कुणाला दिसतो, आतलं बोलणं कुणी बाहेर नेतंय का, याची काळजी तो वाहतो. आपल्या भरवशावर जे बोलले त्यांना राखणं, हे त्याचं पहिलं कर्तव्य असतं.

या तरुणांच्या समोर कोण होतं, तेही लक्षात घ्यायला हवं. जातपंचायत. तिच्याकडे ना खुलाशाची संधी, ना वर दाद मागायची सोय. शिक्षा मात्र हुकमी, वाळीत टाकणं. महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आणि तो 2017 मध्ये लागू झाला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. ग्रुपमधून काढणं म्हणजे बहिष्कार नव्हे, आणि टँकरच्या भांडणाला त्या पंक्तीला बसवणं हा पीडितांचा अपमान होईल. पण न सांगता, न ऐकता, सगळ्यांच्या देखत माणूस बाहेर करायचा आणि उरलेल्यांनी गप्प बसून बघायचं, ही सवय त्याच जातीची. ती फोनमधून आपल्या घरात शिरली तर आपल्याला कळणारही नाही.

कुणी म्हणेल, दोनशे माणसांच्या ग्रुपला एवढा सरंजाम कशाला? ॲडमिनला पगार नाही, रात्री-बेरात्री फोन येतात, लिफ्ट बंद पडली तरी शिव्या त्यालाच. हे खरं आहे, आणि फुकट राबणाऱ्या माणसाशी सभासदांनीही माणुसकीने वागायला हवं. पण सबुरीला सरंजाम लागत नाही. पाच-सहा ओळींचे नियम मराठीत आणि हिंदीत ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवता येतात. चारचौघांत दटावण्याआधी खाजगीत एक फोन करता येतो. काढावंच लागलं तर कारण आणि मुदत सांगता येते: पंधरा दिवसांनी परत घेऊ. तक्रार ॲडमिनबद्दलच असेल तर त्याने हात बाजूला ठेवून निर्णय दुसऱ्या ॲडमिनवर सोपवावा. फक्त ॲडमिन लिहू शकतील असं बटण दंगलीच्या किंवा अपघाताच्या तासांपुरतं वापरावं आणि पुन्हा उघडावं. आपल्या विरोधातलं बोलणं बंद करायला ते वापरलं, तर त्या दिवसापासून ग्रुपचा नोटीस बोर्ड झाला असं समजावं.

शेवटी ॲडमिन कोण होणार, हेही कधीतरी ठरवायला हवं. आज जो पहिल्यांदा ग्रुप बनवतो तोच तहहयात गादीवर बसतो. कायद्याप्रमाणे दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा होते. हिशेब, ऑडिटर, रंगकाम असे विषय तिच्यापुढे असतात. त्या विषयपत्रिकेत एक विषय वाढवायला निबंधकांची परवानगी लागत नाही: ग्रुपसाठी दोन ॲडमिनची एक वर्षाकरता निवड, त्यातला किमान एक कमिटीबाहेरचा. कामगारांच्या ग्रुपला सर्वसाधारण सभा नसते, पण युनियन असेल तिथे तिने आणि नसेल तिथे खोलीवरच्या जाणत्या पोरांनी ठेकेदाराच्या ग्रुपला समांतर आपला ग्रुप उभा करावा. आणि पुढच्या सभेत मावळत्या ॲडमिनकडे दोनच गोष्टींचा हिशेब मागावा. वर्षभरात तुमच्यावर टीका करणारे किती जण अजून ग्रुपवर बोलताहेत? आणि ज्यांच्यावर कुणी तुटून पडलं, त्यांच्या बाजूने तुम्ही किती मिनिटांत उभे राहिलात?