उरलेला फोटो

बर्लिनच्या आग्नेय टोकाला कोपेनिक नावाचा भाग आहे. जुने कारखाने, तलाव आणि दाट झाडी असलेला. तिथे जंगलाच्या कडेला 'आल्टे फ्योर्स्टेराय' नावाचे फुटबॉलचे मैदान आहे. युनियन बर्लिन या क्लबचे हे घर. सुमारे 22 हजार माणसे तिथे मावतात आणि त्यांतली बहुतेक उभ्यानेच सामना पाहतात.

2019 च्या ऑगस्टमध्ये या भागात लोकांना झोप लागत नव्हती. 1966 मध्ये आजच्या नावाने सुरू झालेला हा क्लब पहिल्यांदाच बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वांत वरच्या साखळीत पोहोचला होता. पहिला सामना 18 ऑगस्टला, तोही घरच्या मैदानावर. पण आनंदात एक खंत होती. या दिवसाची आयुष्यभर वाट पाहिलेले कितीतरी लोक तो उजाडण्याआधीच गेले होते. म्हणून ठरले की गेलेल्यांनाही मैदानात न्यायचे. त्यांचे मोठे फोटो छापायचे आणि सामना सुरू होण्याआधी त्यांच्या माणसांनी ते हातात उंच धरायचे. असे साडेचारशेहून अधिक फोटो तयार झाले.

पुढची गोष्ट रचलेली आहे. तिच्यातली माणसे कल्पनेतली आहेत, क्लबचा इतिहास मात्र खरा आहे.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी एका जुन्या खाणावळीच्या मागच्या खोलीत काही समर्थक जमले. बहुतेकांच्या हातात एकेक फोटो होता. एकमेकांना तोंडओळखीने जाणणारी, पण कधी निवांत न बोललेली ही माणसे. मधल्या खुर्चीवर एक निवृत्त पोस्टमन बसला होता. तो म्हणाला, "ओळख करून घेऊ. प्रत्येकानं एवढंच सांगायचं, आपण कधीपासूनचे, आणि सोबत कोणाला आणलंय."

सुरुवात एका सत्तरी ओलांडलेल्या आजींनी केली. "मी 1968 ची. हे माझे वडील. त्या वर्षी आपण पूर्व जर्मनीचा चषक जिंकला, अंतिम सामन्यात येनाला 2-1 हरवून. वडील म्हणाले, आता आपली पोरं युरोपात खेळणार. पण ऑगस्टमध्ये प्रागमध्ये रणगाडे शिरले, राजकारण पेटलं आणि पूर्वेकडच्या क्लबांनी युरोपीय स्पर्धेतून अंग काढून घेतलं. आपलं युरोप हुकलं. वडील मला म्हणाले, तू बघशील. ते स्वतः बघू शकले नाहीत. 2001 मध्ये आपण युरोपात खेळलो तेव्हा मी त्यांच्या कबरीवर जाऊन सांगून आले."

मग पोस्टमन. त्याच्या हातात थोरल्या भावाचा फोटो होता. "मी लहानपणापासून. शहरात दुसरा क्लब होता, डायनामो. गुप्त पोलिसांचा प्रमुख मिल्के स्वतः त्याच्या पाठीशी. 1979 ते 1988 अशी सलग 10 वर्षं विजेतेपद त्यांच्याकडे. आपल्या वाट्याला हार आणि पोलिसांची नजर. फ्री किकच्या वेळी समोरचे खेळाडू भिंत करून उभे राहिले की भाऊ आणि मी घसा फोडून ओरडायचो, भिंत हटवा! कोणत्या भिंतीबद्दल बोलतोय ते साऱ्या मैदानाला कळायचं, पोलिसांनाही. आणि बर्लिनची ती भिंत खरंच पडली. जानेवारी 1990 मध्ये ऑलिंपिक स्टेडियमवर पश्चिम बर्लिनच्या हेर्था क्लबबरोबर आपला मैत्रीचा सामना झाला, 50 हजारांवर लोक होते. भाऊ त्या दिवशी अनोळखी माणसांच्या गळ्यात पडून रडला."

एक नर्सबाई बोलल्या. त्यांच्या हातात मैत्रिणीचा फोटो होता. "मी 2003 पासून मोजते. संघ तळाला होता, लोक एकमेकांना नाताळच्या शुभेच्छाही न देता घरी गेले होते. तेव्हा आम्ही काही जण 23 डिसेंबरला रात्री गुपचूप मैदानात शिरलो आणि मधल्या रेषेवर उभे राहून गाणी म्हटली. 89 माणसं. आता त्याच गाण्यांना मैदान भरून लोक येतात. पुढच्याच वर्षी क्लब दिवाळखोरीच्या दारात उभा राहिला. परवान्यासाठी जवळपास 15 लाख युरो हवे होते. माझ्या पर्समध्ये काही नव्हतं, हिच्याही नव्हतं. लोकांनी रक्तदान करून मिळालेला मोबदला क्लबला दिला, त्या रांगेत आम्ही दोघी होतो."

चौथा एक गवंडी. दोन फोटो घेऊन आलेला. एक त्याच्या मुलाचा, तो त्याने छातीशी धरला होता. दुसरा त्याने टेबलावर ठेवला. "मी इथलाच, जन्मापासून. पण आठवण सांगायची तर 2008 ची. उभं राहायच्या पायऱ्या ढासळल्या होत्या, सिमेंटमधून गवत उगवत होतं. मैदान नीट केलं नाही तर खेळता येणार नव्हतं आणि ठेकेदाराला द्यायला पैसे नव्हते. मग आपणच कुदळी उचलल्या. दोन हजारांवर माणसं, जवळपास वर्षभर. मिळून 1 लाख 40 हजार तास काम. शिक्षक, ड्रायव्हर, बेकार, वकील, सगळे. तोवर संघ दुसरीकडे, परक्या मैदानावर खेळला आणि तरीही तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपद घेऊन आला."

शेवटी दाराशी उभ्या असलेल्या एका तरुणाची पाळी आली. तो पश्चिमेकडच्या शहरातून नोकरीसाठी आलेला. त्याच्या हातात काहीच नव्हते. तो अडखळत म्हणाला, "मी गेल्या हिवाळ्यापासून येतो. माझं इथं कुणी गेलेलं नाही. उद्याचं तिकीट आहे, म्हणून..."

पोस्टमनने त्याच्याकडे पाहिले. "म्हणजे आपण वर चढायला लागलो तेव्हापासून."

खोलीत कोणी बोलेना. तरुण खाली पाहू लागला. पोस्टमन दुष्ट नव्हता. त्याने थंडीत, हरण्यात, टिंगलीत वर्षे काढली होती, आणि आज जिंकण्याच्या दिवशी दारात अनोळखी गर्दी उभी राहिलेली पाहून त्याच्या पोटात कालवत होते. तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. पण ही संध्याकाळ ज्यांनी सोसलं त्यांची आहे."

तरुण जायला वळला. तेवढ्यात आजींनी टेबलावरच्या दुसऱ्या फोटोकडे बोट दाखवले. "हा कोणाचा?"

"ओळखलं नाहीत?" पोस्टमन म्हणाला. "हा तर ट्रामवाला! माझ्या शेजारी त्याच पायरीवर उभा राहायचा. पाऊस असो, बर्फ असो, एक सामना चुकला नाही त्याचा. आपल्यातला सगळ्यांत जुना माणूस. मागच्या थंडीत गेला. बायको नाही, मूलबाळ नाही, म्हणून याने त्याचा फोटो छापून घेतला असणार."

"छापून घेतला खरा," गवंडी म्हणाला, "पण माझ्या हातात माझा मुलगा असेल. हा धरायला कुणीतरी हवं. आणि एक गोष्ट सांगतो. तो जुना नव्हता."

"काय बोलतोस!"

"2008 च्या उन्हाळ्यात तो कोपेनिकला राहायला आला. बायको नुकतीच गेली होती, घरात बसवेना म्हणून सकाळी जंगलात फिरायचा. एक दिवस कुंपणापाशी थांबला आणि मला विचारलं, इथं काय चाललंय? मी म्हटलं, मैदान बांधतोय. म्हणाला, माझ्याजोगं काही काम आहे का? मी फावडं दिलं. दुपारी जेवायला बसलो तेव्हा त्यानं विचारलं, इथं कोणता क्लब खेळतो? त्या दिवसापर्यंत त्याला युनियनचं नाव धड माहीत नव्हतं! पण दुसऱ्या दिवशी तो माझ्या आधी हजर. पाऊस पडला तरी यायचा. ज्या पायरीवर तू त्याच्या शेजारी 10 वर्षं उभा राहिलास ना, तिचं काँक्रीट त्यानं ओतलंय. आपला पहिला सामना त्यानं पाहिला 8 जुलै 2009 ला, नव्या मैदानाच्या उद्घाटनाचा. हेर्थाकडून आपण 5-3 हरलो आणि तो मात्र दिवसभर हसत होता."

पोस्टमन गप्प झाला. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "त्यानं मला कधी सांगितलं कसं नाही?"

"तू विचारलं नव्हतंस. तुला तो तिथलाच वाटला, कारण तो तिथलाच होता. मैदानाबाहेर हेल्मेटच्या आकाराचं स्मारक आहे, त्यावर राबलेल्या लोकांची नावं आहेत. त्यात त्याचं नाव आहे. कोण कधीपासून येत होतं, ते तिथं लिहिलेलं नाही."

आजी म्हणाल्या, "माझ्या वडिलांनाही कुणीतरी पहिल्यांदा आणलंच असेल. आपल्यातला प्रत्येक जण एके दिवशी नवा होता. त्या दिवशी कुणी आपल्याला दार लावलं असतं तर आज ही खोली रिकामी असती."

पोस्टमन उठला. त्याने टेबलावरचा फोटो उचलला आणि तरुणापुढे धरला. "उद्या याला तू आणशील? माझ्या शेजारची त्याची जागा रिकामी आहे. सरळ धरायचा, आणि दोन्ही हातांनी. ट्रामवाल्याला वाकडं काही चालायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मैदानावर साडेचारशेहून अधिक चेहरे वर उठले. आई, वडील, भाऊ, मित्र. त्यांत ट्रामवाल्याचाही होता. समोरचा संघ होता लाइपझिग. 2009 मध्ये एका पेय कंपनीने मोठ्या पैशाच्या बळावर तो उभा केला होता. त्याच 2009 मध्ये युनियनच्या लोकांनी स्वतःच्या हातांनी मैदान उभारले होते. सामना युनियनने 4-0 असा गमावला. जागा सोडून कोणी हलले नाही. तरुणाने शेवटच्या शिट्टीपर्यंत फोटो जमिनीला लागू दिला नाही. दोन आठवड्यांनी, 31 ऑगस्टला, त्याच मैदानावर युनियनने बलाढ्य डॉर्टमुंडला 3-1 हरवले, तेव्हा पोस्टमनने पहिली मिठी मारली ती त्या तरुणाला.

पुढे क्लब आणखी वर गेला. 2023 मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिदसमोर उभा राहिला. खाणावळीत नव्या लोकांची रीघ लागली. पोस्टमन अजूनही मधल्या खुर्चीवर बसे आणि ओळख करून द्यायला सांगे, पण त्याचा प्रश्न बदलला होता. 'कधीपासून' असे तो विचारीत नसे. नवा माणूस आला की तो म्हणे, "ये, बस. शनिवारी झेंडे न्यायचे आहेत, एक टोक तू धरशील का?" ज्याने टोक धरले तो बहुधा पुढच्या शनिवारीही येई.

जुन्या माणसाला आपण सोसलेल्या वर्षांचा अभिमान असावा. तो रास्तच आहे, कारण त्या वर्षांवरच सगळे उभे असते. पण त्या वर्षांचे कुंपण झाले की संस्था आतून म्हातारी होते. आठवणी सांगायच्या त्या नव्याला किती उशीर झाला हे दाखवायला नव्हे. तो कशात सामील होतोय हे त्याला कळावे म्हणून. आणि नुसते ऐकून कोणी आपले होत नाही. ज्या कामाला आपला हात लागतो तेच काम आपले होते. ट्रामवाला क्लबचा झाला तो फावडे हाती आल्यावर, तरुण झाला तो फोटो हाती आल्यावर.

आपल्याकडेही तालमी आहेत, गणेश मंडळे आहेत, गावोगावची वाचनालये आणि नाट्यसंस्था आहेत. 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे वाक्य तिथे रोज ऐकू येते आणि 'नवी पोरं येत नाहीत' ही तक्रारही तिथेच होते. तुमच्या संस्थेच्या दाराशी उद्या कोणी नवा बिचकत उभा राहिला तर त्याला हिशेब विचारू नका. त्याला आत बोलवा, जुन्यांपैकी एकाची गोष्ट सांगा आणि त्याच्या हाती काम द्या.