आहत नाद आणि साधनाची मालकी

मराठवाड्यातील चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे वर्षभराचा हिशेब सोयाबीन मोंढ्यावर गेल्यानंतरच लागतो आणि हाती आलेल्या पैशावर बियाण्याची उधारी, दवाखाना व मुलांची शिकवणी यांनी आधीच हक्क सांगितलेला असतो, तिथे मुलाने पेटी किंवा पखवाज शिकावा हा विचार घरात बहुधा खर्चाची बाब म्हणूनच तोलला जातो. त्याच्या मुळाशी मात्र एक जुना तात्त्विक प्रश्न आहे: जो नाद परंपरेने ब्रह्मस्वरूप मानला, त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी विकत घ्याव्या लागणाऱ्या वस्तूची अट धर्म्य ठरते काय?

या प्रश्नाचा पाया मराठवाड्याच्याच भूमीवर घातला गेला आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात नादाचे दोन प्रकार सांगितले: अनाहत, म्हणजे आघाताविना असणारा आणि योग्याने अंतरात ऐकावयाचा; आणि आहत, म्हणजे कंठ, तार, चामडे किंवा धातू यांतून प्रत्यक्ष उमटणारा. अनाहत नाद मुक्ती देतो, परंतु त्यात रंजन नसल्याने सामान्य माणसाचे मन त्यात रमत नाही. आहत नाद मात्र रंजनही करतो आणि भवबंधनही तोडतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. शार्ङ्गदेव स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा अधिकारी होता आणि त्याच्या सात अध्यायांपैकी एक संपूर्ण अध्याय वाद्यांना वाहिलेला आहे. तरीही आहत नादाला वस्तू लागते आणि वस्तूला पैसा लागतो, ही साधी अडचण त्याच्या विवेचनात येत नाही. दरबाराच्या आश्रयाने लिहिणाऱ्याला ती जाणवण्याचे कारणही नव्हते.

ती अडचण जाणली भजनी मंडळांनी. चाकूर परिसरात वारकऱ्यांचा अखंड हरिनाम सप्ताह आणि वीरशैवांचा, मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्य’ ग्रंथाच्या पारायणासह होणारा अखंड शिवनाम सप्ताह, या दोन्ही परंपरा नांदतात, आणि त्यांतले टाळ, मृदंग, पेटी ही साधने बहुधा वर्गणीतून किंवा कोणाच्या दानातून आलेली, देवळाच्या मालकीची असतात. हरिनाम सप्ताहातील वीणा तर मालकीच्या कल्पनेलाच उत्तर देते. सात दिवस, अहोरात्र, ती जमिनीला टेकत नाही. पहारा बदलताना पहिला विणेकरी ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि दोघेही एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात. ज्याच्या गळ्यात वीणा आहे तो त्या घटकेपुरता वंदनीय ठरतो, मग त्याची जमीन किती एकर आहे हे कोणी पाहत नाही. मृदंगाचे अंग याहूनही घरगुती आहे. त्याच्या डाव्या पुडीला, म्हणजे धुमेला, खर्जाचा घुमारा यावा म्हणून वाजवण्यापूर्वी भिजवलेली कणीक लावावी लागते. ज्या डब्यातून पोळ्यांचे पीठ निघते त्याच डब्यातून नादाचाही वाटा निघतो, आणि तंगीच्या दिवसांतही तो मूठभर वाटा कोणी मोजलेला नाही.

मात्र या सामायिकपणाला एक कठोर मर्यादा होती, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देवळातल्या मृदंगाचे चामडे पवित्र मानणाऱ्या गावाने तेच चामडे कमावणाऱ्याला वेशीबाहेर ठेवले, आणि हलगी वाजवणे हे काही जातींवर गावकीचे सक्तीचे काम म्हणून लादले. डॉ. आंबेडकरांच्या प्रेरणेने अनेकांनी ते वाद्य खाली ठेवले, तेव्हा त्यांनी नाद नाकारला नव्हता, त्याला जडलेली अप्रतिष्ठा नाकारली होती. म्हणून वाद्य सर्वांचे आहे असे म्हणताना ‘सर्व’ या शब्दात कोण कोण बसते, हे प्रत्येक पिढीला पुन्हा तपासावे लागते.

कंठ तर फुकट आहे, मग मुलाने गावेच, असा एक आक्षेप संभवतो. पण प्रत्येक मुलाचा ओढा गळ्याकडे नसतो. काहींचे कान बोटांतून उघडतात, आणि बोटांना रोजचा रियाज लागतो. अंबाजोगाई तालुक्यातील आपेगावचे शंकरबापू आपेगावकर यांना पखवाजासाठी १९८६ मध्ये पद्मश्री मिळाली. असा हात वर्षातून सात दिवसांच्या वादनाने घडत नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या छायेत गुणांच्या शिकवणीसाठी कर्ज काढणारे घर वाद्याला मात्र चैन म्हणते. याचा दोष त्या घराला देता येत नाही, कारण त्याच्यासमोर पोटाचा प्रश्न खरा आहे. दोष शोधायचाच तर तो साधन आणि साधना यांच्या मध्ये पडलेल्या कुलपात शोधावा लागतो. साधन म्हणजे ज्याने साधायचे ती वस्तू, आणि साधना म्हणजे ते साधण्याची नित्याची क्रिया. परंपरेने पहिले सामायिक केले, पण दुसरीची सोय लावली नाही.

दान देवाला पोहोचले की देणाऱ्याचा हक्क संपतो, हे धर्मशास्त्राला मान्य आहे. परंतु वर्षातले उरलेले दिवस ती वस्तू कपाटात राहिली तर ती देवाच्या सेवेत आहे असे कोणत्या अर्थाने म्हणायचे, हा प्रश्न विश्वस्तांपुढे ठेवण्यासारखा आहे. नोंदवहीत नाव लिहून, फुटतूट झाल्यास दुरुस्तीची जबाबदारी मंडळाने घेऊन, मृदंग एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या घरी महिनाभर राहिला, तर वीणा जशी एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते तसाच तो एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवर जाईल. संध्याकाळी पोळ्यांसाठी भिजवलेल्या कणकेतला एक गोळा त्या घरात धुमेसाठी बाजूला निघेल, आणि रियाज संपल्यावर, पुडीवर वाळून घट्ट होण्याआधी, तो खरवडून काढावा लागेल.