प्रतिमेतील सीमारेषा आणि अवयवीचा वाद

सीटी यंत्राने घेतलेली प्रतिमा म्हणजे मुळात आकड्यांची घन जाळी असते. तिच्या प्रत्येक सूक्ष्म घनाला, म्हणजे व्हॉक्सेलला, त्या जागी क्ष-किरण किती क्षीण झाले हे सांगणारा एकच आकडा मिळतो (हाउन्सफील्ड मापात पाणी 0, हवा उणे 1000), आणि यकृत कुठे संपते व मूत्रपिंड कुठे सुरू होते याची नोंद त्या आकड्यांत नसते. ती सीमा ठरवण्याचे काम, ज्याला प्रतिमा-विभाजन म्हणतात, आता संगणकीय अल्गोरिदम करतात. मात्र त्यांनी आखलेली सीमा शरीरात आधीपासून असते की पाहणाऱ्याच्या प्रयोजनातून निर्माण होते, हा वाद भारतीय दर्शनांत फार जुना आहे.

न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली संपूर्ण वस्तू, ही भागांहून वेगळी आणि खरी असते व समवाय, म्हणजे अविभाज्य, संबंधाने त्यांच्यात राहते. बौद्ध तार्किकांना हे मान्य नाही. त्यांच्या लेखी भाग तेवढे प्रत्यक्ष, आणि त्यांचे एकत्व ही बुद्धीची कल्पना.

मूत्रपिंडापाशी नैयायिकाची बाजू भक्कम दिसते, कारण त्याला स्वतःचे आवरण असते. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या अर्बुदापाशी ती ढळते, कारण त्याच्या पेशी प्रतिमेत उजळ दिसणाऱ्या भागाच्या पलीकडे निरोगी ऊतीत पसरलेल्या असतात. 1979 साली ओत्सू यांनी मांडलेली पद्धत दोन गटांतील तफावत जास्तीत जास्त होईल असा उंबरठा आकड्यांतूनच शोधते, पण गट दोनच आहेत हे ती आधी गृहीत धरते. 2015 मधील यू-नेट हे चेताजाळे असा उंबरठा न शोधता तज्ज्ञांनी आखलेल्या रेषांवरून शिकते, आणि तज्ज्ञांच्या रेषा एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. 2004 मध्ये वॉरफिल्ड, झू व वेल्स यांनी मांडलेली स्टेपल पद्धत या मतभेदामागे एक अज्ञात खरी सीमा आहे असे मानून तिचा आणि प्रत्येक तज्ज्ञाच्या अचूकतेचा अंदाज एकदमच काढते. गणिताच्या वेषातला हा नैयायिकच म्हणायचा.

येथे बौद्ध तार्किक धर्मकीर्तीचा विचार अधिक उपयोगी वाटतो. त्याच्या मते अनुमान कल्पित सामान्यावर आधारलेले असल्याने एका अर्थी भ्रांतच असते. तरीही ते प्रमाण ठरते, कारण ते अपेक्षित कार्यापर्यंत पोचवते. रत्नाच्या प्रभेलाच रत्न समजून धावणारा चुकलेला असतो, पण त्याला रत्न मिळते. दिव्याच्या प्रभेला रत्न समजणाऱ्याला ते मिळत नाही. म्हणून सीमा कल्पित आहे एवढ्यावरून ती मनमानी ठरत नाही.

किरणोपचारात हे स्पष्ट होते, कारण तेथे एकाच गाठीभोवती तीन घनक्षेत्रे आखली जातात: प्रतिमेत दिसणाऱ्या अर्बुदाचे पहिले, न दिसणाऱ्या पेशींचा प्रसार अनुमानाने धरणारे दुसरे, आणि रुग्णाच्या स्थितीत व यंत्राच्या मांडणीत पडणाऱ्या फरकासाठी वाढवलेले तिसरे. हे तिसरे क्षेत्र अर्बुद कुठवर आहे याविषयी काहीच सांगत नाही, तरी किरणांची मात्रा आखली जाते ती त्याच्याच हिशेबाने.