पत्ता जुळतो तेव्हा

आंग मो किओ ॲव्हेन्यू ३ वरची २०३ क्रमांकाची इमारत सिंगापूरमधल्या शेकडो सरकारी इमारतींसारखीच. जून २०१६ मध्ये ती बातमीत आली. तिथल्या चार घरांतल्या सहा जणांना नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षयरोग झाल्याचं आरोग्य मंत्रालयानं जाहीर केलं. पहिलं निदान फेब्रुवारी २०१२ मधलं, शेवटचं मे २०१६ मधलं. पत्ता एक होताच. जंतूंची जनुकीय ठेवणही जुळली. कर्मचारी दारोदार गेले, आजी-माजी रहिवाशांना मोफत तपासणी देऊ केली.

यात घातपात नव्हता. तरीही जैविक अस्त्रांपासून बचावाचा विषय निघाला की मला हीच इमारत आठवते. जंतू कुणी मुद्दाम सोडला की आपसूक पसरला, हे पहिल्या दिवशी रुग्णाच्या तापावरून कळत नाही. दोन्ही वेळा सुरुवात दवाखान्यातूनच होते.

सिंगापूरनं या अस्त्राचा कारखानाही पाहिला आहे. जपानी अंमलात किंग एडवर्ड सातवे वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात लष्कराचं ९४२० क्रमांकाचं पथक प्लेगच्या पिसवा वाढवत होतं. पुढे मंत्री झालेले ओथमान वोक तेव्हा तरुण मदतनीस होते. उंदरांच्या अंगावरच्या पिसवा वेचण्याचं काम तिथल्या मुलांकडे असे. वोक यांनी ते १९९१ मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्याच आवारात आज आरोग्य मंत्रालय आहे. रोग पेरण्याची जागा रोग शोधण्याची झाली, याचं मोल मला फार वाटतं.

हवेतले जंतू टिपणारी यंत्रं हवीतच. पण ती जिथे बसवली तिथेच पाहतात आणि जे शोधायला सांगितलं तेच शोधतात. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची पूड पाठवली गेली, पाच जण दगावले. फ्लोरिडातला पहिला रुग्ण यंत्रानं नाही, डॉक्टर लॅरी बुश यांनी ओळखला. रुग्णाच्या मणक्यातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना संशय आला आणि तो त्यांनी मनात ठेवला नाही, वर कळवला.

संशय घेणारा डॉक्टर, तो तपासणारी प्रयोगशाळा, नोंदी जुळवणारा कारकून आणि वेळेवर दवाखान्यात येणारा रुग्ण अशी ही साखळी आहे. शेवटची कडी सर्वांत नाजूक. १९९४ मध्ये बीड आणि सुरतेच्या प्लेगची बातमी पसरली, तेव्हा सुरतेतून लाखो माणसं निघून गेली. पळणाऱ्याची तपासणी करता येत नाही, लपणाऱ्याचीही नाही. ज्या घराला शेजारी वाळीत टाकतात, ते घर पुढच्या वेळी दार उघडत नाही. म्हणून रुग्णाची बदनामी थांबवणं हा नुसत्या सौजन्याचा प्रश्न नाही. तो संरक्षणाचाच भाग आहे.

जैविक अस्त्रबंदीचा करार १९७५ पासून लागू आहे, पण तो पाळला जातो का हे तपासणारी कायमची यंत्रणा त्यात नाही. तेव्हा पहारा आपल्यालाच द्यायचा आहे. संरक्षणाच्या खर्चात तालुक्याच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ धरावा, आजारपणात रोजंदारीवाल्याचा बुडालेला पगारही धरावा. २०३ क्रमांकाच्या इमारतीत पहिल्या निदानापासून जाहीर घोषणेपर्यंत चार वर्षं गेली. क्षयरोग सावकाश चालतो, म्हणून तेवढी सवड मिळाली. मुद्दाम सोडलेला जंतू ती देणार नाही.