कानातले बोळे

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने कारागिरांच्या व्याधींवरील आपल्या ग्रंथाची जी वाढीव आवृत्ती इ. स. १७१३ मध्ये प्रसिद्ध केली, तीत व्हेनिसच्या तांबटांविषयी लिहिताना, दिवसभर तांबे ठोकणारे हे लोक अखंड आघातांनी कानांना इजा होऊन वार्धक्यात ठार बहिरे होतात, अशी नोंद त्याने केली आहे. पुण्याच्या तांबट आळीतून जो गेला असेल, त्याला ती परकी वाटणार नाही.

अंतःकर्णातील सूक्ष्म केशपेशी अतिनादाने एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि हा नाश प्रथम उच्च स्वरांच्या बाजूस होत असल्यामुळे माणसाला बोलणे ऐकू येते, पण शब्द उमगत नाही. रक्त नाही, जखम नाही, एका दिवसाचा खाडाही नाही. मग या बधिरतेला दुखापत म्हणणार कोण? १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात ही बधिरता दाखल झाली, आठ तासांच्या पाळीस ९० डेसिबलची मर्यादाही ठरली. तरी धोट्याच्या मागांच्या खात्यात ती ओलांडली जातच राहिली.

मालक कानात घालायचे बोळे वाटतो आणि कामगार ते खिशात ठेवतो. याला अज्ञान म्हणून मोकळे होणे वरिष्ठांना सोयीचे असले, तरी साचा, म्हणजे माग, बिघडल्याची वर्दी विणकराला डोळ्यांआधी कानाने मिळते आणि तांबट ठोक्याच्या नादावरून पत्रा जोखतो, हे ज्याने पाहिले आहे, तो असा निवाडा देणार नाही. त्यातून साधा बोळा उच्च स्वरच अधिक अडवतो, म्हणजे ज्याचे ते स्वर आधीच गेले आहेत, त्याच्या वाट्याला उरलेलेही येऊ देत नाही. आणि तो सैल बसला, तर त्रास तेवढाच होऊन रक्षण मात्र नाममात्र होते.

बोळा निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. शेवटचा उपाय पहिला म्हणून पुढे केला जातो, ही माझी तक्रार आहे. यंत्राचा आवाज तीन डेसिबलने उतरला तरी कानावर आदळणारी ध्वनिशक्ती निम्मी होते. पण झिजलेले भाग बदलण्यास, यंत्राखाली रबरी बैठक घालण्यास मंजुरी लागते, बोळे मात्र किरकोळ खर्चात बसतात. कारखाना निरीक्षकाने दप्तरातील बोळे मिळाल्याच्या सह्या तपासण्यापूर्वी ध्वनिमापक घेऊन मागांच्या रांगेत उभे राहावे, आणि बोळा घातल्यावर साचा ऐकू येतो का, हे विणकरालाच विचारावे.