‘स्वखुशीने’ या शब्दाची जबाबदारी

हदगावसारख्या मराठवाड्यातील तालुक्याच्या ठिकाणी दुय्यम निबंधकांसमोर जी हक्कसोडपत्रे नोंदविली जातात, त्यांच्या अखेरीस एक वाक्य फारसा पालट न होता येत असते. वडिलोपार्जित जमिनीतील आपला हिस्सा भावाच्या लाभात सोडणारी बहीण त्यात सांगते की, हा लेख तिने स्वखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता, मजकूर वाचून अथवा वाचवून घेऊन लिहून दिला आहे. हे वाक्य तिने रचलेले नसते. ते दस्तलेखकाजवळ आधीपासून तयार असते आणि तिच्यापूर्वी कित्येकींनी ते याच शब्दांत ‘लिहून दिलेले’ असते. संमतीची ग्वाही देणारे असे वाक्य स्वतःच्या खरेपणाची हमी स्वतः देऊ शकते काय? आणि देऊ शकत नसेल, तर त्या खरेपणाची नैतिक जबाबदारी कोणावर येते : लिहून देणारीवर, लिहून घेणाऱ्यावर, नोंदविणाऱ्यावर, की पुढे केव्हातरी तो कागद वाचणाऱ्यावर?

वरवर पाहता हा प्रश्न कायद्याचा आहे; मुळात तो वाचनाचा आहे. कादंबरीतील ‘मी’ म्हणजे लेखक नव्हे, हा भेद साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असतो. दस्तऐवजातील ‘मी’ मात्र खाली सही करणाऱ्या व्यक्तीशी निःशंकपणे एकरूप मानला जातो. वस्तुतः येथेही बोलणारा, लिहिणारा आणि ज्याच्या नावाने बोलले जाते तो, असे तीन भिन्न घटक असतात. जे. एल. ऑस्टिन यांच्या ‘हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्स’ (१९६२) या ग्रंथाने दाखवून दिले की, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत. ती उच्चारणे हीच कृती असते. देणे, सोडणे, वचन देणे ही अशी वाक्ये होत. त्यांचे साफल्य वाक्याबाहेरील परिस्थितीवर अवलंबून असते. हक्कसोडपत्र ही बाहेरची परिस्थितीच वाक्यात ओढून घेऊ पाहते. ‘मी सोडते’ या कृतीबरोबर ‘मी मोकळेपणाने सोडते’ हे वर्णनही ते त्याच कागदावर नोंदविते. अडचण अशी की, जिच्यावर दडपण नाही ती हे वाक्य लिहून देते आणि जिच्यावर आहे तीही अक्षरशः हेच वाक्य लिहून देते. दोन्ही प्रसंगी जे समान असते, ते त्या प्रसंगांतील भेदाचा पुरावा होऊ शकत नाही.

ही अडचण उत्तर-मध्ययुगीन इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेलाही जाणवली होती, आणि तिची उकल करण्याचा तेथील प्रयत्न उद्बोधक आहे. त्या काळी जमीन केवळ कागदाने हस्तांतरित होत नसे. देणारा साक्षीदारांसमक्ष घेणाऱ्याच्या हाती त्या जमिनीतील मातीचे ढेकूळ किंवा डहाळी देई; हस्तांतर घडे ते या कृतीने, सनद ही तिची आठवण. ती सनद बहुधा लॅटिनमध्ये, म्हणजे देणाऱ्याला क्वचितच वाचता येणाऱ्या भाषेत लिहिलेली असे. मायकेल क्लँची यांनी ‘फ्रॉम मेमरी टू रिटन रेकॉर्ड’ (१९७९) या ग्रंथात स्मृतीकडून लेखाकडे झालेल्या या स्थित्यंतराचा जो मागोवा घेतला आहे, त्यावरून लेखावरील विश्वास किती सावकाश रुजला हे ध्यानात येते. अधिक भक्कम पुराव्यासाठी पक्षकार राजाच्या न्यायालयात लुटुपुटीचा दावा लावीत आणि तडजोड करीत. त्या तडजोडीचा मजकूर एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहून ते कापले जाई. दोन प्रती पक्षकारांना मिळत आणि तळाची तिसरी प्रत ११९५ पासून राजाच्या दफ्तरी ठेवली जाई. ही पद्धत १८३३ पर्यंत चालली.

अशा तडजोडीत विवाहित स्त्रीची जमीन गुंतलेली असेल, तर न्यायाधीश तिला पतीपासून वेगळे घेऊन विचारीत : हे तुला मान्य आहे काय? या विचारणेमागील गृहीतक त्याच काळातील दुसऱ्या एका दाव्यातून स्पष्ट होते. पतीने आपली जमीन परस्पर विकली असल्यास विधवेला ती परत मागता येई. त्या दाव्याचे नाव ‘कुइ इन व्हिटा’. म्हणजे, ज्याच्या हयातीत तिला विरोध करता आला नाही तो. पती जिवंत असेतो पत्नी ‘नाही’ म्हणू शकत नाही, हे येथे कायद्याने स्वतःच्या तोंडून मान्य केलेले आहे. आणि तरीही तडजोडीच्या वेळी त्याच पत्नीचा, त्याच पतीच्या हयातीत, चार भिंतींआड घेतलेला होकार स्वतंत्र मानला जाई. इतका स्वतंत्र, की त्यानंतर विधवेचा तो दावा कायमचा बंद होई. वेगळ्या विचारणेने तिचे रक्षण होत असेल. खरेदीदाराचे मात्र निश्चितच होई. दालनाबाहेर पडल्यावर तिला ज्या घरी जायचे होते, त्या घराविषयी न्यायाधीश काही विचारीत नसे.

मराठी मुलखातील जुन्या व्यवहारात संमतीची हमी एकांतातून नव्हे, समुदायातून मिळे. राजवाडे आणि त्यांच्यानंतर भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी उजेडात आणलेली खरेदीखते, महजर व निवाडपत्रे पाहिली, तर व्यवहाराचे प्रामाण्य गोतसभेच्या उपस्थितीत असल्याचे दिसते. पाटलाची निशाणी नांगर, अन्य वतनदारांची आपापल्या व्यवसायाचे हत्यार, स्त्रीची निशाणी बांगडी. अक्षर न येणाराही तेथे खुणेने हजर असे आणि हक्क ‘लेकुराचे लेकुरी’ चालावयाचा, तर तो ठाऊक असणारा गावही पिढ्यान्‌पिढ्या टिकावयाचा, असे गृहीत असे. या व्यवस्थेविषयी हळहळ वाटणे स्वाभाविक असले तरी ती सावधपणे बाळगावी लागते. जो समुदाय साक्षीला बसे, तोच दडपणही आणू शके. गोत म्हणजे मुख्यत्वे वतनदार पुरुषांची सभा होती. बांगडीची निशाणी करणाऱ्या हाताला कोणी धरले होते काय, हे निशाणी सांगत नाही. एकांतातील प्रश्न आणि सभेतील साक्ष या दोन्ही युक्त्या एकाच जागी अपुऱ्या पडतात : होकार ऐकण्याची व्यवस्था त्यांनी केली, नकार सोसण्याची केली नाही.

लेखातील ‘मी’ आपला नव्हे, हे वाचता न येणाऱ्यांनी अनेकदा वाचणाऱ्यांच्या आधी ओळखले आहे. १३८१ च्या उठावात इंग्लंडमधील शेतकऱ्यांनी जमीनदारांच्या न्यायसभांची दफ्तरे जाळली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आणि पुढे नगर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी सावकारांकडील खते, गहाणपत्रे व रोखे हुडकून आगीत टाकले. या दोन उठावांत कारणपरंपरेचे साम्य शोधणे अनाठायी होईल. परंतु आपल्या नावाने बोलणारा, मात्र आपल्याविरुद्ध साक्ष देणारा कागद नेमका कोणता, हे दोन्हीकडील निरक्षरांना ठाऊक होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने या जाणिवेला एका अर्थी मान्यता दिली. लेखातील अटींविरुद्ध तोंडी पुरावा सामान्यतः ग्राह्य नाही, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातील दंडक. तोच २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. १८७९ च्या कायद्याने मात्र न्यायालयाला रोख्यामागे जाऊन व्यवहाराचा इतिहास मुळापासून तपासावयास सांगितले. साहित्याच्या परिभाषेत सांगावयाचे, तर संहितेच्या स्वायत्ततेचा सिद्धान्त कर्जदार शेतकऱ्यापुरता रद्द करण्यात आला.

त्या वेळी हदगाव निजामाच्या राज्यात होते. हा कायदा तेथे लागू नव्हता. तेथील कागदांचा इतिहास निराळा आहे. राज्यकारभाराची भाषा आधी फारसी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दू. कुळाची आणि त्याच्या घराची भाषा मराठी. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. जमिनीचे दफ्तर मराठीत आले. पण कित्येक घरांतील जुने कागद असे राहिले, की ज्यांवर पणजोबांचे नाव आहे हे नातवाला ठाऊक असते, ते नाव वाचता मात्र येत नाही. लॅटिन सनद उशाशी बाळगणाऱ्या इंग्रज शेतकऱ्याहून ही स्थिती फार वेगळी नाही. यातून एक सवय जडते. कागद समजून घ्यावयाचा नसतो, जपून ठेवावयाचा असतो; आणि जेथे सांगितले जाईल तेथे अंगठा उमटवावयाचा असतो.

या सवयीचा सर्वांत मोठा भार मुलींवर पडला. महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क दिला, परंतु तत्पूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही मर्यादा नाहीशी केली आणि २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क अबाधित असल्याचे स्पष्ट केले. हक्क जसजसा निर्विवाद झाला, तसतसे तो सोडून देणारे पत्र अधिक आवश्यक झाले. पूर्वी बहिणीला विचारण्याचे कारण नव्हते. आता तिची सही लागते. कायद्याने तिला होकार देण्याचा अधिकार दिला आणि रूढीने तिच्याकडून तो वसूल केला, असेही या घडामोडींचे वर्णन करता येईल.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. बहिणीचा होकार खोटा आहे, असे ठरविण्याचा अधिकार अभ्यासकाला कोणी दिला? साडीचोळी, भाऊबीज, आजारपणात येणारा भाऊ, नवऱ्याने टाकले तर उघडे राहणारे दार, या सर्वांचे मोल तिच्या लेखी दोन एकरांहून अधिक असू शकते. तसे असेल, तर तिच्या ‘स्वखुशी’वर अविश्वास दाखविणे म्हणजे तिचा आवाज दुसऱ्यांदा हिरावून घेणे होय. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु तो ज्याची ग्वाही देतो तो तिचा विचार आहे, तर कागदावर असलेले वाक्य दस्तलेखकाचे आहे. तिने माहेर आणि जमीन यांचा तौल केला असेल, तर तो तौल दस्तात कोठेही नाही. ज्या दडपणाच्या अभावाची तो हमी देतो, ते दडपण म्हणजे नेमके माहेर गमावण्याचे भय. आणि हे भय एखाद्या धमकीसारखे बाहेरून येत नाही, ते मायेच्या आतच वसते. म्हणून ‘तिच्यावर जबरदस्ती झाली काय’ हा प्रश्न विचारून हाती काही लागत नाही. विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : तिने नकार दिला असता, तर दिवाळीला तिला कोणी न्यावयास आले असते काय? ज्या होकाराचा पर्याय केवळ कल्पनेत अस्तित्वात असतो, तो खोटा असतोच असे नाही. पण त्याला स्वखुशी म्हणण्यापूर्वी थांबावे लागते.

आता जबाबदारीच्या मूळ प्रश्नाकडे येता येईल. नोंदणी अधिकारी लेख कोणी लिहून दिला आणि तो तिला कबूल आहे काय, एवढे पाहतो. संमतीचे अंतरंग तपासणे नोंदणी कायद्याला अभिप्रेत नाही. तलाठ्याने घेतलेला फेरफार प्रमाणित झाला, की विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती नोंद खरी मानली जाते. याप्रमाणे प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचा भरवसा धरला जातो आणि तळाशी ते तयार वाक्य असते. पडदानशीन स्त्रियांच्या लेखांबाबत प्रिव्ही कौन्सिलने रुजविलेले आणि पुढे निरक्षर स्त्रियांनाही लागू केले गेलेले तत्त्व या साखळीला उलट दिशेने पाहते. लेख समजून दिला गेला, हे सिद्ध करण्याचा भार लिहून देणारीवर नाही. लेखाचा लाभ घेणाऱ्यावर आहे. न्यायालयापुरते हे पुराव्याचे तत्त्व असेल, नीतीच्या क्षेत्रात मात्र ते वाचनाचे तत्त्व ठरू शकते. ज्या वाक्याने एखाद्याचे भले होते, त्या वाक्याच्या खरेपणाचे उत्तर त्यानेच दिले पाहिजे. भावाने बहिणीच्या स्वखुशीचा दाखला तिच्याच सहीकडे बोट दाखवून देणे, हे उत्तर नव्हे. नकारानंतरही दार उघडे राहील, हे सहीपूर्वी तिला त्याच्याकडून कळले होते काय, यात त्याचे उत्तर आहे.

दफ्तरखान्यात बसणाऱ्या अभ्यासकालाही यातून वगळता येत नाही. शंभर वर्षांनी हदगाव तालुक्यातील ही हक्कसोडपत्रे कोणी वाचील, तेव्हा शेकडो बहिणींनी एकाच काळात, एकाच शब्दांत, आनंदाने जमीन सोडली असे त्याला दिसेल. त्या एकसारखेपणाला तो सामाजिक सलोखा म्हणेल, की त्याच एकसारखेपणामुळे थबकून लाभ घेणाऱ्यांच्या नावांकडे पाहील, यावर त्याचे वाचन कोणाच्या बाजूचे हे ठरेल. लॅटिन, मोडी वा उर्दू अवगत असणे ही त्या वाचनाची पूर्वअट आहे; ते तेथे पुरे होत नाही.