ज्याच्या हाती ससा

एखादी कल्पना प्रथम कोणाला सुचली, याचं उत्तर आपण बहुधा ती गाजवणाऱ्याच्या नावानं देतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी. अमेरिकन फुटबॉलमधल्या ‘फॉरवर्ड पास’चं असंच झालं.

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. रग्बीतून निघालेला, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा हा खेळ. 1905 पर्यंत त्यात चेंडू पुढे फेकायला मनाई होती. मग डाव एकच उरे: खेळाडूंनी एकमेकांना बिलगून समोरच्या रांगेवर आदळायचं. त्या एका हंगामात डझनाहून अधिक पोरं दगावली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. कोलंबिया विद्यापीठानं तर खेळच बंद केला. अखेर 1906 मध्ये नियम बदलले आणि पुढे पास द्यायची मुभा मिळाली.

मुभा होती, पण हात आखडून दिलेली. कोणाचाही स्पर्श न होता चेंडू जमिनीवर पडला, तर तो थेट प्रतिस्पर्ध्यांच्या ताब्यात जाई. पूर्वेकडच्या बड्या विद्यापीठांना त्यात दंडच दिसला. त्यांचं तरी काय चुकलं? धिप्पाड गडी आणि मुरलेले डाव हाताशी असताना जुगार कोण खेळेल?

जुगार खेळला तो मिसुरीतल्या सेंट लुईस विद्यापीठानं. जेझुइट पाद्र्यांची ही संस्था पूर्वेकडच्या बड्यांमध्ये मोडत नव्हती. प्रशिक्षक एडी कोकम्स यांनी त्या उन्हाळ्यात पोरांना विस्कॉन्सिनमधल्या लेक ब्यूलाच्या काठी नेलं आणि पासाचाच सराव करून घेतला. तेव्हाचा चेंडू आजच्यापेक्षा बराच फुगीर. तो मुठीत मावत नसे. म्हणून तो निमुळत्या टोकाजवळ, वादीच्या विणीत बोटं रोवून धरायचा आणि फिरकी देत सोडायचा. नियमाच्या पुस्तकातली एक ओळ त्या तळ्याकाठी बोटांत उतरली.

5 सप्टेंबर 1906 रोजी विस्कॉन्सिनमधल्याच वॉकेशात कॅरल कॉलेजविरुद्ध सेंट लुईसच्या ब्रॅडबरी रॉबिन्सननं पहिला पास फेकला. तो कोणालाच झेलता आला नाही आणि चेंडू गेला. बड्यांना जी भीती होती, ती पहिल्याच फेकीत खरी ठरली. तरीही रॉबिन्सननं त्याच सामन्यात पुन्हा पास टाकला; या वेळी त्याचा सहकारी जॅक श्नायडरनं तो झेलला आणि टचडाउन झालं, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपार पोचला. सेंट लुईसनं तो सामना 22-0 असा जिंकला. हंगामाअखेर अकराच्या अकरा सामने त्यांच्या खिशात होते: गुण 407, विरोधात फक्त 11.

एवढ्यावर देशभर नक्कल व्हायला हवी होती. झाली नाही. खेळाची प्रतिष्ठा पूर्वेकडे ठरत असे आणि मिसिसिपीकाठच्या सेंट लुईसच्या पराक्रमाची तिथं कोणाला फिकीर नव्हती.

दरम्यान नियम सैलावत गेले. 1912 मध्ये पासाच्या अंतरावरची मर्यादा उठली. 1 नोव्हेंबर 1913 रोजी नोत्र दाम या इंडियानातल्या कॅथलिक विद्यापीठानं वेस्ट पॉइंटला जाऊन लष्करी अकादमीच्या संघाला 35-13 असं हरवलं. गस डोराइसनं फेकायचं आणि नूट रॉक्नीसारख्यांनी झेलायचं. या वेळी न्यूयॉर्कची वर्तमानपत्रं हाकेच्या अंतरावर होती. फॉरवर्ड पासचा जन्म तिथलाच, अशी आख्यायिका रुजली ती रुजलीच. पुढे खुद्द रॉक्नीनं सेंट लुईसचं श्रेय मान्य केलं, तरी ती हलली नाही.

नोत्र दामनं काही चोरलं नव्हतं. कल्पना जगाला पटवणं हेही कामच आहे. पण पटवणाऱ्याच्या वाट्याला जिंकल्याची कीर्ती येते. आधीच्याच्या वाट्याला जमिनीवर पडलेला पहिला चेंडू. तो पडल्यावर दुसरा फेकायचं धाडस वॉकेशात झालं, आणि ते बघायला पूर्वेकडचं कोणी आलं नव्हतं.